शिवेवर थांबलेला गाडा

खडकी बाजारच्या नानाजी सुताराला 'नाही' म्हणताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. कुणी मोडकी तिफण घेऊन यायचा, कुणी बाजेचा निखळलेला खूर, कुणी दाराची फळी. सगळ्यांना एकच उत्तर, "ठेव तिथी, होते." मग ते 'होते' त्या आठवड्यात होवो की पेरणी उलटून गेल्यावर. लोक भांडायला यायचे, तर नानाजी शिव्या ऐकतानाही मान डोलवायचा आणि म्हणायचा, "तुमचं बी खरंच हाये." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? भांडणाला निदान दोघं लागतात.

घरातलं 'नाही' म्हणायचं काम सगळं तुळसाबाईकडे. ही त्याची बायको. अंगानं काडीसारखी, पण आवाज असा की बाजाराच्या दिवशीही पेठेच्या दुसऱ्या टोकाला कळायचं, सुताराच्या घरी आज कुणाला काय मिळणार नाही ते. नवऱ्यानं हो म्हणायचं आणि बायकोनं निस्तरायचं, असा त्यांचा संसार. गाव हसायचं. ती दोघंही हसायची.

सरकारनं वऱ्हाडातल्या मोठ्या गावांना पंचायती दिल्या, त्या काळातली ही गोष्ट. खडकीतही पाच पंच निवडायचे ठरलं. गावात तट दोन, पाटलाचा आणि पेठेतल्या दुकानदारांचा. दोन पंच याचे, दोन त्याचे, पाचव्यावर घोडं अडलं. शेवटी दोन्हीकडच्यांना एकदमच नानाजी सुचला. प्रत्येकाला खात्री, हा आपल्याला नाही म्हणणार नाही. ती खात्री खोटीही नव्हती. कोंडवाड्याला नवं फाटक बसवावं म्हणून पाटलानं हात वर केला की नानाजीचा हात वर. त्या पैशात पेठेत कंदील लावावा म्हणून दुकानदारानं हात वर केला की नानाजीचा हात पुन्हा वर. गावानं त्याला 'दोन हाताचा पंच' म्हणायला सुरुवात केली, आणि त्यालाही ते नाव आवडलं असावं, कारण सांगताना तोच आधी हसायचा.

या दोघांना जगलेली लेक एकच, प्रयाग. ती खडकीच्या पश्चिमेला, नाल्यापलीकडच्या जांभुळधऱ्याला दिली होती. सासर चांगलं. व्याही इंद्रभान हा हौशी माणूस, भेटला की आपल्या चंचीतली तंबाखू आधी नानाजीच्या तळहातावर ठेवायचा. पण प्रयागच्या पदरी सुख ठरत नव्हतं. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा सातव्या महिन्यात पोर गेलं. तिसऱ्यांदा सातवा सरला, तेव्हा तुळसाबाईनं आसेगावच्या बाजारातून हिरवं लुगडं आणलं, तांबड्या काठाचं. लेक भेटीला आली तेव्हा पेटी उघडून दाखवलं आणि पुन्हा बंद केलं. "आता नाई देत. बाळंतपणाले येशीन, तवा ओटीत घालीन." प्रयाग म्हणाली, "आई, हात तर लावू दे." तर तेही नाही.

चैत्रात खडकीत पटकी आली.

नानाजी स्वतः नाल्यापर्यंत गेला आणि पलीकडे उभ्या असलेल्या इंद्रभानला हाक मारून सांगितलं, "इवाई, पोरीले आता धाडू नोका. आमच्या गावात बैमारी हाये. तिथीच होऊ द्या बाळंतपण." बापाला आपल्या लेकीला माहेरी येऊ नको म्हणावं लागलं. घरी आल्यावर तो जेवला नाही.

तालुक्याहून एक कंपाउंडर आला आणि पंचायतीच्या मोठ्या विहिरीत औषध टाकून गेला. विहिरीचं पाणी गुलाबी झालं. जाताना त्यानं सांगितलं, हेच पाणी प्या. सांगून तो गेला, आणि बायकांनी दुसऱ्या दिवसापासून घागरी घेऊन नाल्याचा रस्ता धरला. रंगाचं पाणी कोण पितं? सगळ्यांत पुढं तुळसाबाई. जिथं म्हशी बसत त्याच्या वरच्या अंगाला झिरा उकरायचा आणि ते पाणी प्यायचं. पटकी वाढली.

पंचायत मारुतीच्या पारावर बसली. आता मरीमायचा गाडा काढावा, हे पाटलाचं म्हणणं. मरीमाय म्हणजे पटकीची देवी. गावात रोग शिरला की सुतारानं लाकडाचा लहान गाडा करायचा, त्यात कडुनिंबाची देवी बसवायची, बायकांनी तिची ओटी भरायची आणि वाजतगाजत तिला शिवेपलीकडे, दुसऱ्या गावाच्या हद्दीत लोटून यायचं. येताना मागं पाहायचं नाही. गाडा गेला की रोग त्याच्याबरोबर जातो. कुठं जातो, हे ज्याच्या हद्दीत गेला त्यानं पाहावं. तोही मग पुढं लोटतो. दुकानदारांच्या बाजूचे दोघे म्हणाले, सरकारची मनाई आहे, दरवर्षी शिवेवर डोकी फुटतात. मतं दोन आणि दोन झाली. सगळ्यांनी नानाजीकडे पाहिलं.

नानाजीचा हात वर गेला. जायचाच. बापाच्या वेळीही गाडा काढला होता, आजाच्या वेळीही.

"झालं तर मंग," जगदेव पाटील म्हणाला. तो सरपंच. "पण यंदा पूर्वेकडे जमत नाई. तिकडचे लोक लाठ्या घेऊन बसले. गाडा जांभुळधऱ्याकडे काढू."

नानाजीचा हात अजून वरच होता. तो खाली कसा घ्यावा, हे त्याला कळेना. कुणाच्या लक्षातही आलं नाही की सुताराची लेक तिकडे आहे. ज्यांच्या लक्षात आलं असेल त्यांना वाटलं, नानाजी काय, मान डोलवेल.

घरी तुळसाबाई चुलीपुढं होती.

"गाड्याचं ठरलं?"

"ठरलं."

"तुमी हात वर केला?"

"केला."

"कुठी जाऊन राह्यला गाडा?"

त्यानं सांगितलं. तिच्या हातातली फुंकणी खाली पडली. ती ओरडेल म्हणून नानाजी वाट पाहत राहिला. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"तिकडे आपली पोरगी हाये," ती हळू म्हणाली.

"पंचायतीनं ठरवलं ना."

"पंचायतीत तुमीच होते ना?"

याला 'तुमचं बी खरंच हाये' असं उत्तर देता येत नव्हतं.

गाडा तर करावाच लागला. नानाजीनं बाभळीची चाकं घडवली, आस बसवला, चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला मारायची लोखंडी खीळ लोहाराकडून आणली. मग कडुनिंबाचा ओंडका घेतला आणि देवीचा चेहरा काढायला बसला. हात चालेना. तुळसाबाई येऊन शेजारी बसली.

"चांगली करा," ती म्हणाली. "तिचं काय चुकलं? रोग आला तिच्या नावानं, अन् हाकलता बी तिलेच. माय म्हणता, तर हाकलता काहून? माह्या मायले असं कोणी दारोदार लोटलं असतं तर म्या..." ती बोलता बोलता थांबली आणि पदरानं देवीच्या तोंडावरचा भुसा पुसू लागली.

गाडा निघाला तो मंगळवारी, उन्हं वर आल्यावर. डफडं वाजत होतं. बायकांनी बांगड्या वाहिल्या, दहीभात ठेवला, ओट्या भरल्या. तुळसाबाईनंही भरली, पण पेटीतलं लुगडं काढलं नाही. पुढं गाडा ओढणारे, त्यांच्यामागं गाव, आणि चाकाशेजारी मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, घेऊन नानाजी, कारण गाडा वाटेत कुरकुरला तर दुरुस्ती सुतारानंच करायची. दुसऱ्या कुणी गाड्याच्या लाकडाला हत्यार लावायचं नाही, हा जुना दंडक.

नाल्याच्या पलीकडच्या काठावर जांभुळधऱ्याची माणसं लाठ्या घेऊन उभी होती. सगळ्यांत पुढं इंद्रभान. त्यानं गाडा पाहिला, मग गाड्याशेजारचा माणूस पाहिला. त्याच्या हातातली लाठी थोडी खाली आली.

"नानाजी," तो तिकडून म्हणाला, "तुमीबी?"

पुढं काय झालं हे दोन्ही गावांनी पाहिलं, तरी पुढं कित्येक वर्षं लोक ते एकमेकांना सांगत राहिले. नानाजी खाली बसला. चाक पाहतोय असं सगळ्यांना वाटलं. मोगरीचे दोन-तीन ठोके पडले. तो उठला आणि त्यानं चाक दोन्ही हातांनी ओढून बाजूला घेतलं. गाडा एका अंगावर कलंडला. देवी घसरली, तशी त्यानं मोगरी टाकून तिला पोरीसारखी कवेत धरली.

डफडं बंद झालं. बायकांनी तोंडावर पदर घेतले.

"खीळ निघाली!" जगदेव पाटील ओरडला. "नानाजी, ठोक लवकर! अपशकुन होऊन राह्यला!"

"आपसूक कायची निघते," नानाजी म्हणाला. "म्या काढली."

"मंग लाव ना बाप्पा!"

"नाई."

गावानं हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. शेजारची सोजरबाई पुढं सांगायची की तेव्हा चाक निघाल्यापेक्षा जास्त भ्या तिला त्याचं वाटलं.

"माय म्हणता अन् दुसऱ्याच्या दारात लोटता," नानाजी एका दमात बोलत गेला. "आता नाई. आता माय इथीच राहीन. आपल्याच शिवेवर, आपल्याच हद्दीत. म्या बसतो तिच्यापाशी. तिची सेवा म्या करतो."

"अन् गावात कोणी मेलं तर?"

"माह्या नावानं रडा."

पाटील संतापला, पण खीळ नानाजीच्या कमरेला आणि गावात दुसरा सुतार नाही. दोन दिवस उन्हात बसला की येईल ताळ्यावर, असं म्हणून लोक परतले. जाताना अनेकांनी मागं वळून पाहिलं. तो दंडकही त्या दिवशी मोडला.

नानाजी ताळ्यावर आला नाही. त्यानं पळसाच्या फांद्यांची सावली केली, चाकाच्या जागी दगड लावून गाडा सरळ केला आणि देवीला नीट बसवलं. तुळसाबाई भाकरी घेऊन यायची. दोघं देवीसमोर बसून जेवायची. नाल्यापलीकडे जांभुळधऱ्याची घरं दिसत, त्यातलं इंद्रभानचं कोणतं, हे ती रोज त्याला दाखवायची, आणि तो रोज नव्यानं पाहायचा. "आता तरी नाई म्हणायले शिकले," ती एकदा म्हणाली. "सारं आयुष्य म्या एकलीनं ओढलं थे काम." तिला नवऱ्याचं इतकं कौतुक वाटत होतं की ते लपवायला तिला भांडी उगाच दोनदा घासावी लागत.

देवीला आंघोळीला पाणी हवं. म्हशी बसलेल्या नाल्याचं पाणी देवीला कसं घालायचं? म्हणून नानाजी पंचायतीच्या विहिरीचं गुलाबी पाणी आणून घालू लागला. त्यानं यात काही मोठा विचार केला नव्हता. पण सोजरबाईनं देवीच्या पायावरून वाहणारं ते पाणी पाहिलं आणि गावभर सांगितलं, "मरीमायनं कुकवाचं पाणी घेतलं!" झालं. कंपाउंडरच्या सांगण्यानं झालं नव्हतं ते एका आंघोळीनं झालं. बायकांच्या घागरी परत विहिरीकडे वळल्या.

तुळसाबाईचीही वळली, पण उशिरा. त्याआधीचं नाल्याचं पाणी तिच्या पोटात होतं.

सोजरबाई सकाळी धावत शिवेवर आली. "चाल लवकर, तुळसा पडली!" नानाजी पळत घरी गेला. तुळसाबाईचे डोळे एका पहाटेत आत गेले होते. हातपाय गार. दारात माणसं जमली होती. जगदेव पाटील आत आला. तो वाईट माणूस नव्हता, त्याच्याही घरातून एक प्रेत गेलं होतं.

"नानाजी," तो खाली बसून म्हणाला, "हात जोडतो. अजून वेळ गेली नाई. चाक लाव. गाडा नाल्यापलीकडे गेला की तुळसाबाई उठून बसते पाह्य."

नानाजीनं बायकोकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या मोगरीकडे पाहिलं. आणि खरं सांगायचं तर तो उठला. मोगरी हातात घेतली. जन्मभराची बायको डोळ्यांसमोर चालली असताना कोण उठणार नाही?

"कुठी चालले?" तुळसाबाईनं विचारलं. आवाज बाजाराच्या टोकापर्यंत जाणारा तो राहिला नव्हता, उंबऱ्यापर्यंत कसाबसा पोचला. "बसा."

तो बसला.

"खीळ हाये ना?"

त्यानं कमरेची खीळ काढून दाखवली. तिनं आपल्या गार हातानं त्याची मूठ तिच्यावर मिटवली.

"नाई म्हणले ना एकदा? मंग आता नाईच. तिकडे आपली पोरगी हाये." थोडा दम घेऊन ती म्हणाली, "पेटीतलं हिरवं लुगडं काढा. मायले नेसवा. प्रयाग काई आता येत नाई बाळंतपणाले. लुगडं पेटीत ठिवून काय करता? तिच्या अंगावर राहू द्या. पोरीकडे मायच पाहून घेईन."

दिवस मावळायच्या आत ती गेली.

नानाजी मसणातून घरी आला, पेटी उघडली, लुगडं काढलं आणि तसाच शिवेवर गेला. सोजरबाईनं देवीला लुगडं नेसवलं. दुसऱ्या दिवशी गाव शिवेवर आलं, दुरून पाहत उभं राहिलं. गाडा लोटा असं कुणीच म्हणालं नाही. ज्याचं घर बुडालं तोच लोटत नाही, तर दुसऱ्यानं कोणत्या तोंडानं म्हणावं? जगदेव पाटलानं जोडे काढले, देवीला हात जोडले आणि नानाजीशेजारी मातीत बसला.

वैशाख सरता सरता पटकी गेली. औषधानं गेली म्हणा, देवीनं नेली म्हणा, ज्याला जे पटेल ते त्यानं घ्यावं. खडकीतून पुन्हा गाडा निघाला नाही, एवढं खरं. पंचायतीनं पुढं त्या जागी ओटा बांधला, आणि त्यावर दोन्ही गावांच्या बायका दोन्ही बाजूंनी ओट्या भरू लागल्या. नानाजी म्हातारा होईपर्यंत पंच राहिला. कोणताही ठराव आला की हात वर करायच्या आधी तो विचारायचा, "हे जाते कोणाच्या दारात?" खीळ शेवटपर्यंत त्याच्या कमरेला होती.

पण ते सगळं पुढचं. तुळसाबाई गेली त्या दिवसांत नानाजीला भाकरी नाल्यापलीकडून यायची. इंद्रभान आणून द्यायचा. "पोरगीच करते," तो खाली मान घालून सांगायचा. "आमी तिले सांगतलं नाई अजून. दोनदा पोटचं गेलं, आता हे आयकलं तर... इहीन दुखणाइतांच्या सेवेले लागली, म्हणून भाकर इकडून पायजे, असं सांगतलं." नानाजी मान डोलवायचा. लेकीच्या हातची भाकरी तो खायचा, आणि कडा आईसारख्याच जाड राहिल्या आहेत हे पाहून त्या शेवटी ठेवायचा.

ज्येष्ठात प्रयाग बाळंत झाली. मुलगी झाली आणि जगली. 'इहीन बैमारीच्या घरात होती, बाळंतिणीपाशी कशी येईन,' असं सांगून इंद्रभाननं तिची समजूत काढत ठेवली.

सव्वा महिना झाल्यावर प्रयाग पोरीला घेऊन आधी मरीमायच्या पाया पडायला आली. नाल्याच्या पाण्यातून इंद्रभाननं तिला हात धरून आणलं, आणि अलीकडे आल्यावर तो मागंच थांबला. नानाजी पळसाच्या सावलीतून उठला. लेक हसत होती. "बाबा, हे पाह्य, कोणासारखी हाये सांग." ती वाकली, पोरीला देवीच्या पायांशी ठेवू लागली, आणि तिचा हात थांबला.

हिरवं लुगडं. तांबडे काठ. उन्हानं एका बाजूला रंग उतरला होता, पण ती ते ओळखणार नाही असं कसं होईल? याच लुगड्याला तिला हात लावू दिला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "हे तर माह्यासाठी ठिवलं होतं."

नानाजी देवीच्या पायांजवळची सुकलेली फुलं वेचू लागला.

"माह्या ओटीचं लुगडं आईनं कायले दिलं?" तिनं गावाकडच्या वाटेकडे पाहिलं. वाट रिकामी होती. नात झाली आणि तुळसाबाई शिवेवर आली नाही, असं होणारच नव्हतं. प्रयागनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. "आई कुठी हाये, बाबा?"

नानाजीनं पुढं होऊन देवीच्या अंगावरचं लुगडं सोडलं. लाकडाच्या कामात राठ झालेल्या बोटांनी एकेक गाठ सोडवली. त्यानं ते लेकीच्या डोक्यावरून पांघरलं, नातीच्या अंगावर सारखं केलं, आणि तुळसाबाईला मसणात ठेवतानाही न रडलेला तो माणूस आता मोठ्यानं रडू लागला.

"तिनं जाऊ दिलं नाई," तो म्हणाला. "गाडा जाऊ दिला नाई, पोरी. घे. तुह्यी ओटी हाये."